बोनस नावाचा बोका आणि एक हळवा मुलगा

मिनल ओव्हाळ पहिल्यांदा शेजारी येऊन बसली तेव्हा ओम कड याला सलग चौदा शिंका आल्या. पहिली आकुर्डीत, शेवटची मोशीच्या चौकात.

जानेवारीची सकाळ होती. कंपनीच्या बसच्या काचांवर दव, आत डुलक्या घेणारी पहिली शिफ्ट. मिनल चढली तेव्हा एकच सीट रिकामी होती, आणि तीही पूर्ण रिकामी म्हणता येणार नाही. तिथं ओमची बॅग बसली होती. काळं जर्किन, ओल्या केसांची घाईत घातलेली वेणी, हातात अर्धा खाल्लेला पराठा... तिनं आधी बॅगेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ही बॅग कुठल्या डिपार्टमेंटला असते?"

"सॉरी, सॉरी..." ओमनं बॅग मांडीवर घेतली. "मी क्वा—"

आणि शिंकला.

'क्वालिटी' हा शब्द पूर्ण व्हायला स्पाइन रोड यावा लागला. तोवर तिनं त्याला चार कागदी रुमाल, एक आल्याची वडी आणि 'थंडीत खिडकी उघडी ठेवू नये' असा सल्ला दिला होता. खिडकी बंदच होती. पण सल्ला देताना तिनं एकच भुवई उचलली होती, आणि त्या दिवशीचं ओमचं सगळं काम त्या एका भुवईपाशी अडून राहिलं.

ओमचं गाव चाकणच्या पलीकडे सहा किलोमीटर. नोकरी चाकणला. राहायला मात्र रावेतला, कारण त्याच्या वडिलांनी, म्हणजे बबनरावांनी, जमीन कंपन्यांना गेली तेव्हा तिथं फ्लॅट घेऊन ठेवला होता, आणि फ्लॅट घेतला की त्यात कुणीतरी राहावं लागतं. म्हणून तो रोज दीड तास गावाच्या दिशेनं प्रवास करी आणि गाव दिसायला लागलं की उतरून कामाला लागे. कंपनी गाड्यांचे बाजूचे आरसे बनवायची. मिनल प्लॅनिंगला होती. उद्या किती आरसे बनणार हे ती ठरवायची आणि त्यातले किती चालणार नाहीत हे तो. या दोन खात्यांत परंपरेनं वैर असतं. बसमध्ये ते पाळायचं राहून गेलं.

आठवडाभर ती शेजारी बसली, आठवडाभर तो शिंकला.

आरशावर चरा आला की क्वालिटीची माणसं 'का?' असं पाच वेळा विचारतात, पाचव्या उत्तराला मूळ कारण म्हणतात आणि फॉर्मवर सही करतात. मूळ कारण सहाव्या 'का'मध्ये दडलेलं असलं, तर तो पुढच्या ऑडिटचा प्रश्न. ओमनं हीच पद्धत नाकाला लावली. शिंका का? नाकात हुळहुळतं. का? बसमध्ये काहीतरी आहे. मग बाकीचे चाळीस जण का शिंकत नाहीत? ते मिनलच्या शेजारी बसत नाहीत. मंगळवारी ती रजेवर होती तेव्हा शिंका का आल्या नाहीत? (त्या दिवशी चहालाही चव नव्हती, पण फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता.) पाचव्या 'का'ला त्यानं लिहिलं: बॉडी स्प्रे.

दुसऱ्या दिवशी त्यानं तो कागद तिच्यासमोर धरला. असला कागद मुलीला द्यायचा नसतो हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ट्रेनिंगमध्ये तसा विषयच नव्हता.

तिनं तो वरपासून खालपर्यंत वाचला. "म्हणजे मी रिजेक्ट?"

"नाही नाही! म्हणजे... रिवर्क."

"रिवर्क!" ती खिडकीकडे तोंड करून बसली. खांदे हलत होते. रागानं की हसून, ते पाठमोरं कळेना. चाकणच्या चौकात ट्रक अडकून बस वीस मिनिटं थांबली, तेव्हा ती वळली. "ठीक आहे. उद्यापासून स्प्रे बंद. पण मला घामाचा वास आला तर तुझ्या खात्यावर तक्रार."

स्प्रे बंद झाला. शिंका बंद झाल्या नाहीत. पण 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं, आणि कुठलीही सुधारणा अगदीच वाया जात नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मिनलनं त्याला घरी बोलावलं. "आजोबा म्हणतायत, तो शिंकणारा कोण आहे, बघू तरी."

ओव्हाळांचं घर आकुर्डीतल्या जुन्या कामगार वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्याखाली पुस्तकांचं कपाट, कपाटाशेजारी सोफा आणि सोफ्यावर पांढरा, लठ्ठ, कान फाटलेला एक बोका. मिनलच्या वडिलांना कंपनीनं ज्या दिवाळीला बोनस दिला नाही, त्या दिवाळीला तो जिन्यात सापडला. म्हणून त्याचं नाव बोनस.

"जय भीम. बसा," कोंडीराम आजोबा म्हणाले. बसायला जागा बोनसच्या शेजारीच होती.

कोंडीराम ओव्हाळ तरुणपणी नटबोल्टच्या एका कारखान्यात होते. तो कारखाना आता नाही; तिथं पोहण्याचा तलाव असलेले तीन टॉवर उभे आहेत. कारखान्यातल्या एक्केचाळीस दिवसांच्या संपाची गोष्ट मात्र शाबूत होती. ती घरातल्या प्रत्येकानं इतक्यांदा ऐकली होती की पहिल्या वाक्याला मिनलच्या आईला गॅसवर काहीतरी आठवायचं, वडिलांना दुसरी शिफ्ट आठवायची, आणि शेजारचे लोक तर दाराशी आजोबांची चप्पल दिसली तरी परत फिरायचे.

आता समोर एक ताजा माणूस होता.

"गेटसमोर मांडव घातलेला," आजोबांनी सुरुवात केली. "तीनशे माणूस. माझ्याच लेथवर काम करणारा चिमाजी. जीव की प्राण. माझा बिल्ला तीनशे सतरा, त्याचा तीनशे अठरा..."

एकोणतिसाव्या दिवशी चिमाजी गावाला गेला, आई आजारी म्हणून. जाताना म्हणाला, गेट उघडलं की माझाही बिल्ला हजेरीच्या बोर्डावर लाव, मी येतोच मागून. एक्केचाळिसाव्या दिवशी गेट उघडलं. कोंडीराम रोज सकाळी दोन बिल्ले लावू लागले, आपला आणि त्याचा. अकरा दिवस लावले. बाराव्या दिवशी सुपरवायझरनं पकडलं. चिमाजी आला नाही. पत्रही नाही.

गोष्ट अकराव्या दिवसाशी पोचली तेव्हा बोनस उठला, आळस देऊन खुर्चीवरच्या मिनलच्या काळ्या जर्किनपाशी गेला आणि मनसोक्त अंग घासू लागला. ओमनं ते पाहिलं. सहावा 'का' डोळ्यांसमोर शेपटी उभी करून उभा होता. मूळ कारण सापडल्याचा आनंद मात्र त्याला घेता आला नाही, कारण तोवर त्याचे डोळे लाल होऊन घळघळा वाहू लागले होते.

"आजोबा, मला जरा—" त्यानं नाक ओढलं.

कोंडीराम थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. "अगं ए, बघ! पोरगं रडतंय!"

सगळं घर गोळा झालं. मिनलच्या आईनं पाणी आणलं. मिनल दारात उभी होती, हातात चहाचा ट्रे, आणि त्याच्याकडे अशा नजरेनं पाहत होती की... त्या नजरेसाठी ओम बोक्याला मांडीवर घ्यायलाही तयार झाला असता. खरं सांगायची वेळ तीच होती. ती साधारण चार सेकंद टिकली.

"चाळीस वर्षांत," आजोबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चिमाजीसाठी पहिल्यांदा कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं."

यावर 'बोक्यामुळे आलं' असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

विमलबाई आजी तेवढ्या बोलल्या. "रडू डोळ्यातून येतं बाई. ह्याचं नाकातूनबी येतंय."

पुढचे चार रविवार ओम येत राहिला, आजोबा सांगत राहिले, डोळे वाहत राहिले. वसाहतीत त्याचं नाव 'ओव्हाळांकडचा हळवा मुलगा' असं पडलं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी त्याला आपल्या भावाच्या आजारपणाची हकीकत ऐकायला बोलावून पाहिलं. तिथं तो कोरडाच बसला. त्यावर, माणूस हळवा असला तरी चळवळीतलाच हळवा आहे, असा निष्कर्ष निघाला. कोंडीरामांची मान ताठ झाली.

पाचव्या रविवारी मिनल त्याची विसरलेली पाण्याची बाटली घेऊन मागोमाग खाली उतरली. पहिल्या मजल्याच्या वळणावर ओम भिंतीला कपाळ टेकून शिंकत होता. तिनं मोजल्या. अकरा. मग त्यानं खिशातून बाटली काढून डोळ्यांत थेंब टाकले, दुसरी बाटली काढून नाकात काहीतरी ओढलं, गोळी गिळली, आणि तोंडानं श्वास घेत वळला.

ती समोर.

"तू रडत नव्हतास," मिनल म्हणाली.

"मिनल, ऐक—"

"एकदाही?"

"...नाही."

"बोनस?"

त्यानं मान हलवली. ती आधी हसली, मग पायरीवर बसली आणि पुन्हा हसली. मग एकदम थांबली. "हसतेय काय मी. आजोबांनी अख्ख्या वसाहतीत सांगितलंय. काल डेअरीवाल्याला सांगत होते. ओम, तू त्यांना फसवलंस!"

"मी सांगणार होतो. पण ते इतके... आणि तू दारात तशी बघत होतीस..."

"कशी?"

"तशीच. आत्ता बघत नाहीयेस तशी."

मिनलनं मान दुसरीकडे वळवली. दोघांच्या मधून कुणीतरी सायकल उचलून खाली घेऊन गेलं. "दोन गोष्टी," ती म्हणाली. "एक, आजोबांना तू सांगायचंस. मी नाही. लग्नाची गोष्ट काढायच्या आधी."

"लग्नाची?"

"दोन," तिचे कान लाल झाले होते, "तू दर रविवारी असा गुदमरत बसणार असलास तर मी तुला घरी बोलावणार नाही. शनिवारी डॉक्टरकडे जायचं. आपण दोघं."

चिंचवडच्या ॲलर्जीच्या डॉक्टर बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आठवडाभर गोळी बंद ठेवायला लावून मग ओमच्या हातावर ओळीनं थेंब टाकले, प्रत्येकाखाली सुईचं टोक टेकवलं आणि वीस मिनिटं बसवलं. धूळ, झुरळ, परागकण: किरकोळ. मांजराच्या थेंबाखाली शेंगदाण्याएवढी गांधी उठली. रिपोर्टवर मांजरापुढे चार अधिकचिन्हं आली.

"चार प्लस," मिनल म्हणाली. "पहिल्यांदाच तुला कशात तरी पैकीच्या पैकी मिळाले."

"केस कापले तर?" ओमनं विचारलं.

"कुणाचे?" डॉक्टर म्हणाल्या. "त्रास केसांचा नसतो. मांजराच्या थुंकीत आणि कातडीच्या कोंड्यात एक प्रथिन असतं. ते अंग चाटतं, थुंकी वाळते, हवेत उडते, कपड्यांना चिकटते. म्हणून तुम्ही बसमध्येसुद्धा शिंकता. मांजर घराबाहेर काढलंत तरी ते घरात कित्येक महिने राहतं."

"बाहेर काढायचं नाहीये," ओम म्हणाला. मिनलनं त्याच्याकडे पाहिलं. तशी.

"मग सांभाळावं लागेल. नाकातला स्प्रे रोज, लक्षात आलं तेव्हा नाही. दोन-तीन आठवड्यांनी फरक पडेल. झोप न आणणारी गोळी. छातीत शिट्टी वाजली किंवा धाप लागली तर मात्र हसण्यावारी न्यायचं नाही, लगेच यायचं. पुढं वाटलं तर इंजेक्शनांचा कोर्स आहे, तीन ते पाच वर्षांचा."

"म्हणजे पूर्ण बरं होत नाही? नुसतं सांभाळत राहायचं? लग्नासारखं?"

"मला दोन्हीचा अनुभव आहे," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या. "याला निदान गोळी आहे."

त्यानंतरचे सहा आठवडे ही त्यांची प्रेमातली खरी सुगी. इतर जोडपी सिनेमाला जातात. हे दोघं पडदे धुवायचे. मिनलनं प्लॅनिंगचा तक्ता केला: सोफ्याची खोळ दर शनिवारी गरम पाण्यात, फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची, आजोबांची सतरंजी गच्चीवर झटकायची, बोनसला झोपायच्या खोल्यांत बंदी. कंपनीत जायचे कपडे वेगळ्या कपाटात. जर्किन बसमध्ये चढायच्या आधी पिशवीतून काढायचं. हवा गाळायचं एक यंत्र आलं. आजोबांना सांगितलं, तुमच्या खोकल्यासाठी. त्यांचा खोकला खरोखरच कमी झाला, त्यामुळे संशयाला जागा उरली नाही.

बोनसला ओल्या कापडानं पुसायचं काम ओमनं मागून घेतलं. डॉक्टरांनी ते दुसऱ्याला द्या म्हणून सांगितलं होतं.

"मास्क लाव. हातमोजे घाल," मिनल म्हणाली. "तो ओरबाडेल."

"ओरबाडू दे. ओळख तर व्हायला हवी."

"अरे, असं उलट्या दिशेनं नाही! आरसा पुसतोयस का?"

तिनं त्याचा हात धरून दिशा दाखवली. हातमोजा होता, रबराचा, तरी... कापड बराच वेळ एकाच जागी फिरत राहिलं. बोनसनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि कंटाळून उठून गेला. कापड मग सोफ्यावर फिरत राहिलं.

एप्रिलमध्ये ओम तिच्या शेजारी आकुर्डी ते चाकण एकही शिंक न देता बसला. मिनलनं त्याला आल्याची वडी दिली, बक्षीस म्हणून. "आजोबांना सांगितलंस?"

"सांगतो... या रविवारी."

असे तीन रविवार तो सांगणार होता. पण दर वेळी गोष्ट अकराव्या दिवसाशी पोचायच्या आतच चहा सांडला, नाहीतर पाहुणे आले, आणि एरवी आजोबा आनंदात होते. माणूस आनंदात असताना सांगवत नाही आणि दुःखात असताना तर नाहीच.

तिकडे गावाला वेगळंच झालं. ओमच्या आईनं, सगुणाबाईंनी, त्यानं रावेतहून धुवायला आणलेल्या पँटच्या खिशात घडी केलेला रिपोर्ट पाहिला आणि बबनरावांच्या हाती दिला.

बबनरावांना मुलगी कोण, कुठली, कुणाच्या घरची, हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्यावर ते अवाक्षर बोलले नव्हते. हल्ली कुणी बोलत नाही. जयंतीला ते स्वतः चौकात सरबत वाटतात. ते फक्त कारण शोधत होते. कुंडली पाहावी तर मुलीकडे कुंडली नव्हती. शिक्षण पाहावं तर पोरापेक्षा जास्त. अडीच महिने ते अस्वस्थ होते, आणि आता चार प्लस चालत घरी आलं होतं.

"आमचं काय न्हाई," ते प्रत्येकाला सांगू लागले. "पोरगी चांगली हाय. पण डॉक्टरच न्हाई म्हणत्यात. मांजर पोराच्या जिवावर उठलंया. आता पोराच्या जिवापुढं आमी काय बोलावं?"

"डॉक्टर पोरीला न्हाई म्हणल्या व्हय?" सगुणाबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

"मांजर काय, पोरगी काय, एकाच घरातली."

"मग चला की त्यांच्या घरी. तिथंच सांगा त्यांना."

बबनरावांना वाटलं, बायको आपल्या बाजूला आली. त्यांनी रिपोर्ट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला.

मेच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, कडांची गाडी आकुर्डीला आली. मिनलच्या वडिलांनी शिफ्ट बदलून घेतली होती. बबनराव सोफ्याच्या टोकाला बसले, मांडीवर फोल्डर, समोर फरशीवर बोनस. ओम त्यांच्या शेजारी. रोजचा स्प्रे झाला होता, तासभर आधी गोळी घेतली होती. डोळे स्वच्छ, नाक मोकळं. इतकं निरोगी त्याला गेल्या दहा वर्षांत वाटलं नव्हतं.

"आज सांगायचंस," मिनल त्याला पोहे देताना पुटपुटली. "आता. नाहीतर पोहे परत."

"चहा झाला की."

पण चहाच्या आधी कोंडीराम आजोबांनी घसा साफ केला. नवे पाहुणे होते, आणि शेजारी त्यांचा हमखास श्रोता. मिनलच्या आईला गॅस आठवला, वडिलांना आता शिफ्टही आठवता येईना. मांडव उभा राहिला. तीनशे माणूस जमला. चिमाजी गावाला गेला. गेट उघडलं. आजोबा दोन बिल्ले लावू लागले, आणि अकराव्या दिवशी, सवयीनं, ओमकडे वळले.

ओमचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

आजोबा थांबले. त्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. "...आणि चिमाजी आला न्हाई."

काही नाही. ओमनं पापण्या मिचकावल्या, जोर लावला. आधुनिक औषधं फार चांगली असतात.

"पोरा," आजोबांनी हळूच विचारलं. "मन बदललं का तुझं?"

बबनरावांचा चेहरा उजळला. मिनलच्या हातात ट्रे होता. तिनं आजोबांकडे पाहिलं नाही, ओमकडे पाहिलं.

"आजोबा," ओम म्हणाला, "मी कधीच रडलो नव्हतो. मला बोनसची... मांजराची ॲलर्जी आहे. पहिल्या दिवसापासून. सहा आठवडे औषध घेतोय, म्हणून आज पाणी आलं नाही. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण तुम्हाला बरं वाटत होतं. आणि मलाही."

"हे बघा! हे बघा!" बबनरावांनी फोल्डर उघडला. "चार प्लस! आमी म्हणत होतो..."

रिपोर्टकडे कुणी पाहिलं नाही. कोंडीराम खुर्चीत मागे टेकले होते, एकाएकी लहान दिसत होते. "म्हंजी गोष्ट..." ते म्हणाले, "ऐकतबी नव्हतास?"

"ऐकत होतो. आठ वेळा ऐकली." ओमला जे येत होतं तेच तो बोलला. "तुमचा बिल्ला तीनशे सतरा, त्यांचा तीनशे अठरा. चहाची किटली पितळी. दोनदा तुम्ही ॲल्युमिनियमची म्हणालात, पण ती नंतर आली असणार. बोर्डावर खिळे वाकडे होते म्हणून त्यांचा बिल्ला उलटा लागायचा. आणि..." तो अडखळला. "आणि एक विचारायचं होतं. बऱ्याच वेळा तुम्ही म्हणता चिमाजी एकोणतिसाव्या दिवशी गेले. दोनदा एकतिसाव्या म्हणालात. दोन्ही वेळा खूप दमला होतात तेव्हा. मग ते मधले दोन दिवस... कुठे होते ते?"

मिनलनं डोळे मिटून घेतले. मागणी घालायला आलेला मुलगा आजोबांच्या संपाचं ऑडिट करत होता.

कोंडीरामांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. हवेचं यंत्र तेवढं घुरघुरत होतं.

"एकतिसाव्यालाच," ते शेवटी म्हणाले. "मांडवातच होता. एकोणतिसाव्याला आमचं भांडण झालं. तो म्हणाला, लेकरं उपाशी हायती, संप मागं घेऊ. मी त्याला सगळ्यांदेखत फितूर म्हणालो. दोन दिवस तो मांडवात बसून राहिला, कुणी त्याच्याशी बोललं न्हाई. मीबी न्हाई. मग उठून गेला. आई आजारी न्हवती. ते मी लोकांना सांगितलं."

"आन् बिल्ला लाव म्हणाला, ते?" विमलबाईंनी विचारलं.

"न्हाई म्हणाला. माझ्याच मनानं लावत होतो." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "चाळीस वर्षं सांगतोय. कुणी विचारलंच न्हाई, मधले दोन दिवस कुठं गेले म्हणून."

विमलबाई उठल्या आणि नवऱ्याच्या खुर्चीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ओमकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "नाक गळत होतं तरी कान चालू होते म्हणायचे."

कोंडीरामांनी हात पुढे केला आणि ओमचं मनगट धरलं. सोडलं नाही.

सगुणाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्या आल्यापासून पहिल्यांदाच बोलत होत्या, आणि नवऱ्याशी. "तासभर झाला. मांजर समूर बसलंया. पोरगं एकदाबी शिंकलं न्हाई. ते कारण संपलं. आता दुसरं काय कारण असंल तर तेबी सांगा. हितं. मोठ्यानं."

बबनरावांनी फोल्डर बंद केला. उघडला. रिपोर्ट तोच होता.

"कारण म्हंजी..." त्यांनी छताकडे पाहिलं, मग बुद्धाच्या तसबिरीकडे, मग मिनलकडे. ती ट्रे घेऊन सरळ उभी होती, नजर न चुकवता. बबनरावांनाच चुकवावी लागली. "लोक काय म्हणतील. एवढंच. दुसरं काय न्हाई."

"लोक म्हणत्यात," कोंडीराम हळू आवाजात म्हणाले. "मीबी म्हणलो होतो चिमाजीला. चाळीस वर्षं झाली, पाव्हणं. लोकांपैकी एकालाबी आता आठवत न्हाई, मी काय म्हणलो. मलाच तेवढं आठवतंय."

बबनरावांनी फोल्डर सोफ्याच्या मागे सरकवला. मग त्यांनी हात पुढे केला.

"पोरी... त्यो चहा गार व्हतोय," ते म्हणाले. "दे की."

मिनलनं कप त्यांच्या हातात दिला. पहिला घोट घेऊन ते म्हणाले, "गोड हाय." साखर जास्त झाली, की होकार आहे, हे कुणी विचारलं नाही. सगुणाबाई मात्र मांडी घालून नीट बसल्या, म्हणजे जेवून जाणार होत्या.

ओम आणि मिनल जिन्यात येऊन उभे राहिले. दुपारचं ऊन पायऱ्यांवर तिरपं पडलं होतं, खालच्या मजल्यावर कुणीतरी लोणच्याच्या कैऱ्या फोडत होतं.

"सगळ्यांना सांगून झालं तुझं," ती म्हणाली. "आजोबांना, वडिलांना, डॉक्टरांना. मलाच काही विचारलं नाहीस अजून."

"तेच... म्हणजे मी असं बघत होतो, की रावेतच्या फ्लॅटला दोन खोल्या आहेत, एक बोनससाठी बंद ठेवली, यंत्र हॉलमध्ये, आणि खोळी दर शनिवारी मी—"

"ओम. एका वाक्यात."

त्यानं श्वास घेतला. नाकानं, पूर्ण. "तू आवडतेस मला... लग्न करशील?"

"करीन," मिनल म्हणाली. एकच भुवई वर गेली होती, पण डोळे हसत होते. "जेवायला बसू या का?"

आतून कोंडीरामांचा आवाज आला. ते गोष्ट पुन्हा पहिल्या दिवसापासून सांगत होते, या वेळी मधल्या दोन दिवसांसकट. ओमनं दारातून डोकावलं. आजोबांच्या समोर बबनराव एकटेच सापडले होते, आणि त्यांना उठताही येत नव्हतं. बोनस त्यांच्या मांडीवर पसरून झोपला होता.

"कितव्या दिवसावर आहेत?" मिनलनं विचारलं.

"चौथ्या."

"मग पुष्कळ वेळ आहे," ती म्हणाली, आणि त्याच्या शर्टाची बाही ओढून त्याला शेजारी पायरीवर बसवलं.